गल्ल्यापलीकडचा रुग्ण

औषध देणे आणि औषध समजावून देणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिलीला दुकान, कपाटे आणि परवाना पुरतो. दुसरीला शिकलेला, बोलता येणारा आणि बोलण्यास मोकळा असलेला माणूस लागतो. आपल्या देशात कायद्याने या दोन्ही क्रिया एकाच व्यक्तीवर सोपविल्या आहेत. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्यानेच द्यावयाचे असते. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी रुग्णाला समुपदेशन करण्याची जबाबदारीही त्याच्यावर टाकली आहे. औषधाचे नाव काय, ते कशासाठी, किती, केव्हा आणि किती दिवस घ्यावयाचे, कोणते दुष्परिणाम संभवतात, एखादी मात्रा चुकली तर काय करावे, औषध कसे ठेवावे, हे सारे त्याने सांगावे अशी अपेक्षा आहे. हे विनियम येऊन दशक उलटले. मेडिकलच्या दुकानात कधी ना कधी उभ्या राहिलेल्या वाचकाने यांपैकी किती गोष्टी आपल्याला सांगण्यात आल्या हे आठवून पाहावे. बहुतेकांच्या वाट्याला येतात ते पाकिटाच्या पाठीवर पेनाने ओढलेले दोन-तीन फराटे आणि ‘सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर’ एवढेच शब्द.

असे का होते, या प्रश्नाला शिक्षणतज्ज्ञ एक उत्तर देतात आणि अर्थशास्त्र दुसरे देते. शिक्षणतज्ज्ञांचे म्हणणे असे की, औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्याला रुग्णाशी बोलावयास आपण शिकवीतच नाही. त्याला रेणूंची रचना येते, गोळी कशी बनते ते येते, परंतु घाबरलेल्या, गोंधळलेल्या किंवा घाईत असलेल्या माणसाशी काय बोलावे ते येत नाही. यावर उपाय म्हणून जगभर एक अध्यापनपद्धती रूढ होत आहे, तिला प्रसंगाधारित शिक्षण म्हणता येईल. विद्यार्थ्यापुढे एक प्रसंग ठेवावयाचा. रुग्णाची भूमिका कोणी माणूस करील किंवा संगणक करील. विद्यार्थ्याने प्रश्न विचारावयाचे, निर्णय घ्यावयाचा आणि त्या निर्णयाचे परिणाम तेथेच पाहावयाचे. ही पद्धती स्वागतार्ह आहे असे माझे मत आहे. मात्र तिच्यात एक मोठी उणीव राहत आहे आणि ती भरून काढण्याचे काम केवळ प्राध्यापकांवर सोडून चालणार नाही, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

पद्धतीचे मूळ आणि तिचे गुण

या पद्धतीचा उगम वैद्यकीय शिक्षणात आहे. १९६३ साली अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज या मज्जाविकारतज्ज्ञाने एका निरोगी व्यक्तीला रुग्णाची भूमिका शिकविली आणि विद्यार्थी तिच्याशी कसे वागतात ते तपासले. त्या काळी त्याची थट्टा झाली. पुढे १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा प्रसंगांची मालिका लावून परीक्षा घेण्याची रीत मांडली. विद्यार्थी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जातो, प्रत्येक ठिकाणी त्याला ठराविक वेळात एक काम करून दाखवावे लागते, आणि परीक्षक सर्वांना एकाच मापाने मोजतो. आज औषधनिर्माणशास्त्राच्या शिक्षणात हे सारे संगणकावर आले आहे. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने तयार केलेल्या ‘मायडिस्पेन्स’ या आज्ञावलीत विद्यार्थ्यासमोर औषधांचे दुकानच उभे राहते. चिठ्ठी येते, रुग्णाला प्रश्न विचारता येतात, डॉक्टरकडे विचारणा करता येते, कपाटातून औषध निवडून त्यावर सूचनेची चिठ्ठी लावावी लागते, आणि चूक झाली तर ती का झाली हे कळते. चुकीमुळे कोणाचा जीव जात नाही, हा या पद्धतीचा पहिला गुण.

हा गुण लहान नाही. संधिवातासाठी दिली जाणारी मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. रुग्णाने ती नेहमीच्या सवयीने रोज घेतली तर तोंडात व्रण येतात, रक्तपेशी तयार होण्याचे काम मंदावते आणि मृत्यूही ओढवू शकतो. पाकिटावर फराटा ओढून हा धोका टळत नाही. ‘आठवड्यातून एकदा म्हणजे कोणत्या वारी घ्याल?’ असा प्रश्न विचारून रुग्णाच्या तोंडून वार वदवून घ्यावा लागतो. हे कौशल्य आहे आणि पोहण्याप्रमाणे ते पुस्तक वाचून येत नाही. अमेरिकेतील मूलनिवासी जमातींसाठी चालणाऱ्या सरकारी आरोग्यसेवेतील औषधनिर्मात्यांनी यासाठी तीन साधे प्रश्न प्रचारात आणले. हे औषध कशासाठी आहे असे डॉक्टरांनी सांगितले? ते कसे घ्यावयास सांगितले? त्याने काय होईल असे सांगितले? रुग्णाला काय ठाऊक आहे ते आधी ऐकावयाचे, आणि जे राहिले तेवढेच सांगावयाचे. नफ्याच्या दुकानदारीत हे तंत्र रुजले नाही, ते गरिबांसाठी चालणाऱ्या सार्वजनिक सेवेत घडले, याची नोंद आपण अवश्य घ्यावी.

रुग्णाला आज्ञा पाळणारा समजण्याची वृत्तीही या पद्धतीने थोडीफार ढळते. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली दीर्घकालीन आजारांविषयी प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, श्रीमंत देशांतसुद्धा असे रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषध घेण्याचे प्रमाण सरासरी ५० टक्क्यांच्या आसपासच आहे. जेथे शाळा आहेत, पैसा आहे, दवाखाने आहेत, तेथे ही स्थिती असेल तर ‘आपले लोक अडाणी म्हणून औषध नीट घेत नाहीत’ हे आपल्याकडचे लाडके स्पष्टीकरण टिकत नाही.

तीन शहरांतील एक परीक्षा

प्रसंगाची ही रीत आपल्या देशात अध्यापनाआधी संशोधनात वापरली गेली, आणि तिने जे दाखविले ते विचार करावयास लावणारे आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी दिल्ली, मुंबई आणि पाटणा येथील ६२२ औषधदुकानांत प्रशिक्षित ‘रुग्ण’ पाठविण्यात आले. एकूण १,२०० भेटी झाल्या. एका प्रसंगात दोन-तीन आठवडे खोकला व ताप असलेला माणूस थेट दुकानात येऊन औषध मागतो. दुसऱ्या प्रसंगात तसाच माणूस क्षयरोग असल्याचे दाखविणारा थुंकीच्या तपासणीचा कागद घेऊन येतो. पहिल्या प्रसंगात केवळ १३ टक्के वेळा दुकानदाराने योग्य ते केले, म्हणजे प्रतिजैविक वा अन्य घातक औषध न देता डॉक्टरकडे पाठविले. ३७ टक्के वेळा प्रतिजैविक दिले गेले. दुसऱ्या प्रसंगात योग्य वर्तनाचे प्रमाण ६२ टक्क्यांवर गेले आणि प्रतिजैविकाचे प्रमाण १६ टक्क्यांवर उतरले. क्षयावरील मुख्य औषधे मात्र कोणत्याही दुकानाने दिली नाहीत.

या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. त्याच शहरांतील तीच दुकाने, तोच व्यवसाय. रोग स्पष्ट दिसताच बहुसंख्य दुकानदार जबाबदारीने वागले. म्हणजे ‘मेडिकलवाला लुटारूच असतो’ हा सरसकट आरोप चुकीचा ठरतो. परंतु रोग अस्पष्ट असताना, म्हणजे प्रश्न विचारण्याची खरी गरज असते तेव्हा, न विचारता औषध देण्याकडे कल होता. चार प्रश्न विचारण्याची सवय लागली असती तर यातील पुष्कळ चुका टळल्या असत्या, असे शिक्षणतज्ज्ञ म्हणतील आणि ते बरोबरही आहे. पण हा कल एवढ्या मोठ्या प्रमाणावर कोणत्या कारणाने राहतो, हे विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही. येथून अर्थशास्त्राचा प्रांत सुरू होतो.

प्रसंगात काय नसते

वर्गात रचलेल्या प्रसंगांतला रुग्ण बहुधा सुजाण असतो. तो प्रश्नाला उत्तर देतो, त्याच्याकडे वेळ असतो, तो प्रमाण भाषा बोलतो, आणि त्याच्या खिशात पैसे असतात. दुकान शांत असते. मालक कोठे दिसत नाही. औषधावर किंमत नसते. खऱ्या दुकानातून हे सारे वगळले की जे उरते त्यालाच आपण ‘समुपदेशन’ म्हणतो. माझ्या मते वगळलेल्या गोष्टी हाच शिक्षणाचा गाभा असावयास हवा. तसे काही प्रसंग मी सुचवितो.

घरकाम करणारी एक बाई बीपीच्या गोळ्या घ्यावयास येते. चिठ्ठी महिनाभराची आहे. ती म्हणते, ‘आत्ता चारच द्या, बाकीच्या पगार झाल्यावर नेते.’ विद्यार्थ्याने काय करावे? चार गोळ्या कापून दिल्या तर कापलेल्या तुकड्यावर औषधाचे नाव वा मुदत राहीलच असे नाही. ‘गोळी रोज घ्यायलाच हवी’ असे बजावले तर ते खरे असूनही निरुपयोगी आहे, कारण अडचण माहितीची नसून पैशाची आहे. त्याच द्रव्याची स्वस्त गोळी कपाटात असू शकेल, पण औषध नियमांनुसार चिठ्ठीवरच विकावयाच्या औषधाऐवजी दुकानदाराला आपल्या मनाने दुसरे देता येत नाही. त्यासाठी डॉक्टरला विचारावे लागेल. जनऔषधी केंद्र जवळ आहे काय? सरकारी रुग्णालयात ही गोळी मिळते काय? १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले आहेत, हे त्या बाईला कोणी सांगितले आहे काय? आणि आपल्या दुकानातील गिऱ्हाईक सरकारी रुग्णालयाकडे वळविण्याचे स्वातंत्र्य त्या विद्यार्थ्याला उद्या नोकरीत असेल काय? या एका प्रसंगात औषधशास्त्र, कायदा, राज्याचे आरोग्यधोरण आणि मजुरीचा दर एकत्र येतात.

दुसरा प्रसंग. मेळघाटातून आलेली एक कोरकू स्त्री क्षयाची औषधे नेत आहे. तिच्यासोबत सासू आहे आणि मागे पाच माणसे उभी आहेत. रिफाम्पिसिन या औषधाने लघवी तांबूस होते. हे आधी सांगितले नाही तर रक्त जात आहे असे समजून ती औषध टाकून देण्याचा संभव आहे. याच औषधाने संततिप्रतिबंधक गोळीचा प्रभाव कमी होतो. ही दुसरी गोष्ट पाच पुरुषांसमोर आणि सासूसमोर कशी विचारावयाची? तिची मातृभाषा विद्यार्थ्याला येत नाही आणि त्याची पुस्तकी मराठी तिला कळत नाही. आपल्या दुकानांत दोन माणसांनी हळू आवाजात बोलावे एवढाही कोपरा नसतो. येथे विद्यार्थ्याच्या सहृदयतेइतकाच दुकानाच्या रचनेचा प्रश्न आहे.

तिसरा प्रसंग. बांधकामावरचा एक तरुण मजूर सर्दी-तापासाठी ‘दोन दिवसांचे जोराचे औषध’ मागतो. उद्या कामावर गेला नाही तर त्याची हजेरी बुडेल. चिठ्ठी नाही. विद्यार्थी त्याला समजावू लागतो, इतक्यात गल्ल्यावरून मालकाचा आवाज येतो, ‘अरे, दे लवकर, गिऱ्हाईक खोळंबलंय.’ या प्रसंगात रुग्ण एक नाही, माणसे तीन आहेत. आणि त्यांतील नोकराला काय बोलता येईल हे त्याच्या पगारावर आणि नोकरीच्या शाश्वतीवर अवलंबून आहे. संगणकाच्या पडद्यावर हा मालक आजवर क्वचितच अवतरला असेल.

बोलण्याला मोल नाही

१९६३ साली बॅरोज यांनी पहिला ‘रुग्ण’ उभा केला, त्याच वर्षी केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्रावरील आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. भाजी घेणाऱ्याला भाजी पारखता येते. उपचार घेणाऱ्याला उपचार पारखता येत नाहीत. विक्रेत्याला जे ठाऊक असते ते ग्राहकाला ठाऊक नसते, म्हणून या क्षेत्रात साधा बाजार नीट चालत नाही आणि व्यवसायाची नीती, विश्वास व सामाजिक संस्था यांना ती पोकळी भरून काढावी लागते, असा त्याच्या विवेचनाचा आशय आहे. रुग्णाशी होणारा संवाद हे ती पोकळी भरण्याचे प्रमुख साधन होय. प्रश्न असा की, त्या संवादाचे वेतन कोण देतो?

आपल्याकडे ते कोणीच देत नाही. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार नियंत्रित औषधांची कमाल किंमत ठरविताना किरकोळ विक्रेत्यासाठी १६ टक्के नफा धरला जातो. हा नफा विक्रीवर आहे. जास्त विकले तर जास्त मिळते, महाग विकले तर आणखी जास्त मिळते; ‘हे औषध तुम्हाला नको आहे’ असे सांगितले तर काहीच मिळत नाही. रुग्णाशी घालविलेली दहा मिनिटे हा दुकानाच्या हिशेबात निव्वळ तोटा ठरतो. अशा रचनेत संवादाचे शिक्षण घेऊन बाहेर पडलेला तरुण सहा महिन्यांत गप्प होईल, आणि त्यात त्याच्या चारित्र्याचा दोष नसेल.

दुसरी व्यवस्था अशक्य नाही. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०११ पासून एक योजना चालू आहे. दमा, रक्तदाब, मधुमेह यांसारख्या ठराविक दीर्घकालीन विकारांसाठी रुग्णाला नवे औषध सुरू झाले की औषधनिर्माता त्याच्याशी औषध देताना बोलतो, काही दिवसांनी पुन्हा बोलतो, आणि आणखी काही आठवड्यांनी तिसऱ्यांदा. या बोलण्याचे पैसे त्याला सार्वजनिक आरोग्यसेवेकडून मिळतात; गोळ्या किती विकल्या याच्याशी त्यांचा संबंध नसतो. इंग्लंडमधील दुकानेही खाजगी आहेत, त्यांतील काही मोठ्या भांडवलदारी साखळ्यांची आहेत, हे मी विसरत नाही. परंतु संभाषण हे श्रम आहे आणि श्रमाला दाम आहे, एवढे तरी तेथे मान्य झाले.

आपल्याकडील स्थिती याच्याही अलीकडची आहे. येथे ज्याने बोलावयाचे तो माणूसच पुष्कळदा दुकानात हजर नसतो. पदविकाधारकाने आपले प्रमाणपत्र भाड्याने द्यावयाचे, ते भिंतीवर टांगावयाचे, आणि दुकान बारावी झालेल्या वा न झालेल्या मुलांनी चालवावयाचे, हा प्रकार सर्वांना ठाऊक आहे. २०१२ च्या सुमारास महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने औषधनिर्मात्याच्या उपस्थितीचा आग्रह धरून कडक मोहीम हाती घेतली, तेव्हा औषधविक्रेत्यांच्या संघटनांनी बंदचे हत्यार उपसले. लहान दुकानदाराच्या अडचणी खऱ्या आहेत हे मान्य करूनही असे म्हटले पाहिजे की, भिंतीवरच्या प्रमाणपत्राला रुग्णाशी बोलता येत नाही.

सरकारी दवाखान्यातील औषधखिडकीवर नफ्याचा प्रश्न नसतो, तरीही तेथे संवाद होतोच असे नाही, हेही प्रामाणिकपणे सांगावयास हवे. रांग लांब असते, मंजूर पदे रिकामी असतात, आणि हात आत घालता येईल एवढ्या झरोक्यातून कोणाला काय समजावून सांगता येणार? मालकी समाजाची झाली म्हणजे सेवा आपोआप माणुसकीची होते, या भ्रमात समाजवाद्यांनी राहू नये. नफा दूर झाल्यावर माणसे, वेळ आणि जागा यांची तरतूद वेगळी करावीच लागते.

परीक्षा कशाची आणि कोणत्या भाषेत

आता शिक्षणाकडे वळू. आपल्या दुकानांतील औषधनिर्मात्यांत पदविकाधारकांचा मोठा भरणा आहे. बारावीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, अशी त्याची आखणी आहे. कागदावरच्या ५०० तासांपैकी किती तास रुग्णासमोर जातात, हे प्राचार्यांना आणि विद्यार्थ्यांना चांगले माहीत आहे. २०२० च्या विनियमांनी सामुदायिक औषधनिर्माण या विषयाला आणि समुपदेशनाच्या सरावाला अभ्यासक्रमात जागा दिली, ही स्वागतार्ह सुधारणा आहे. परंतु २०२२ च्या विनियमांनी पदविकाधारकांसाठी जी निर्गमन परीक्षा योजली, तिच्या प्रश्नपत्रिका बहुपर्यायी प्रश्नांच्या आहेत. चारांतून एकावर खूण करणाऱ्याला बोलता येते की नाही, हे त्या परीक्षेला कसे कळणार? ज्याची परीक्षा नाही ते शिकविले जात नाही, हा आपल्या शिक्षणव्यवस्थेचा अलिखित नियम आहे.

भाषेचा प्रश्न याहून गंभीर आहे. हा विषय आपल्याकडे इंग्रजीत शिकविला जातो. इंग्रजीत शिकलेल्याने रुग्णाशी मात्र मराठीत, अहिराणीत, वऱ्हाडीत वा कोकणीत बोलावयाचे असते. ‘एम्प्टी स्टमक’ घोकलेल्या मुलाला ‘अनशापोटी’ म्हणावयाचे सुचले पाहिजे. चक्कर, घेरी, अंधारी आणि भोवळ यांत रुग्ण काय वेगळे सांगतो आहे ते ओळखता आले पाहिजे. लोहियांनी इंग्रजीच्या मक्तेदारीविरुद्ध लढा दिला तो केवळ भाषाभिमानापोटी नव्हता. ज्ञान ज्या भाषेत कोंडले जाते त्या भाषेबाहेरचा माणूस त्या ज्ञानाचा गुलाम होतो, ही त्यामागील दृष्टी होती. परदेशातून विकत आणलेल्या आज्ञावलीतील इंग्रजी रुग्णावर सराव करून आपल्या रुग्णाशी बोलता येईल, अशी आशा करणे व्यर्थ आहे.

एक आक्षेप येथे घेतला जाईल. प्रसंगांचा सराव हे शेवटी नाटकच; त्याने वरवरची गोड भाषा येईल, आस्था येणार नाही. या आक्षेपात तथ्य आहे. ज्या आज्ञावलीत चार वाक्ये देऊन त्यांतील ‘योग्य’ वाक्य निवडावयास सांगितले जाते, तेथे विद्यार्थी रुग्णाचे मन वाचण्याऐवजी परीक्षकाचे मन वाचावयास शिकतो. पाउलो फ्रेरे या ब्राझीलच्या शिक्षणचिंतकाने बँकेत ठेव ठेवावी तसे ज्ञान विद्यार्थ्याच्या डोक्यात ठेवणाऱ्या शिक्षणावर टीका केली. ठेव पुस्तकातून ठेवली काय आणि पडद्यावरून ठेवली काय, फरक पडत नाही. परंतु प्रसंग खुला ठेवला, विद्यार्थ्यांनी तो वेगवेगळ्या रीतींनी करून पाहिला, मग त्यावर वाद घातला, तर तेच नाटक विचाराचे साधन होते. फ्रेरेंचे देशबंधू ऑगुस्तो बोआल यांनी आपल्या नाट्यपद्धतीत प्रेक्षकाला प्रयोग थांबवून पात्राच्या जागी उभे राहण्याची मुभा दिली, ती याच हेतूने.

आपल्याला तर त्यासाठी ब्राझीलला जाण्याचेही कारण नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले, त्यात ज्ञानाच्या विषमतेचा फायदा घेऊन अडाणी शेतकरी दांपत्याला कसे नाडले जाते तेच दाखविले आहे. ॲरोने एकशे आठ वर्षांनी अर्थशास्त्राच्या परिभाषेत जे मांडले, त्याचे मर्म त्या नाटकात आहे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी खेड्यापाड्यांत लोकनाट्ये नेली, ती माणसाला त्याचाच प्रसंग समोर दाखवून विचार करावयास लावण्यासाठी. ही परंपरा असलेल्या चळवळीने ‘रुग्णाची भूमिका’ हा विषय तज्ज्ञांचा म्हणून दूर ठेवावा, हे शोभत नाही.

आपण काय करावे

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी थेट आपल्या खिशातून केला, आणि त्यातील मोठा वाटा औषधांचा असतो. एवढा पैसा ज्या ठिकाणी गरिबाच्या हातून जातो, ते ठिकाण राजकारणाबाहेरचे कसे असेल? आज औषधे फोनवर मागवून घरपोच मिळू लागली आहेत. त्या व्यवहारात उरलासुरला संवादही संपतो आणि नफा दूरच्या भांडवलाकडे जातो. कोपऱ्यावरच्या दुकानाला टिकावयाचे असेल तर त्याच्याजवळ देण्यासारखी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे ओळखीच्या माणसाने आपल्या भाषेत सांगितलेले चार शब्द. लहान दुकानदाराचे हित आणि रुग्णाचे हित येथे एकत्र येऊ शकते, ही गोष्ट आपण त्यांच्या संघटनांशी बोलताना पुढे ठेवावी.

पक्षाने चार मागण्यांचा आग्रह धरावा असे मला वाटते. पदविका आणि पदवी या दोन्ही स्तरांवर प्रसंगाधारित तोंडी परीक्षा सक्तीची असावी आणि ती मराठीत देण्याची मोकळीक असावी. प्रसंगांची रचना सार्वजनिक खर्चाने व्हावी, ते सर्व महाविद्यालयांना विनामूल्य मिळावेत, आणि त्यांत किंमत, भाषा, संकोच व मालक ही चारही अंगे असावीत. सरकारी रुग्णालयांतील औषधनिर्मात्यांची रिक्त पदे भरून औषधखिडकीच्या जागी बसून बोलता येईल अशी जागा करावी. आणि दीर्घकालीन आजाराच्या रुग्णाशी केलेल्या नोंदलेल्या संवादासाठी औषधनिर्मात्याला सार्वजनिक निधीतून मोबदला मिळावा, मात्र तो दुकानात प्रत्यक्ष हजर असलेल्यालाच.

मागण्या सरकारकडे करावयाच्या असतात, पण एक काम आपल्या हातातले आहे. प्रसंग कोणी लिहावयाचे, हा या साऱ्या विषयातील कळीचा प्रश्न आहे. आज ते प्राध्यापक लिहितात, आणि त्यांच्या सद्हेतूबद्दल शंका नसली तरी चार गोळ्या मागणारी बाई त्यांच्या कागदावर येत नाही. ती आपल्या कार्यकर्त्यांना रोज भेटते. घरकामगारांच्या, बांधकाम मजुरांच्या, अंगणवाडी व आशा सेविकांच्या संघटनांतील साथींनी आपापल्या तालुक्यातील औषधदुकानात घडलेले खरे प्रसंग, नावे गाळून, रुग्णाच्याच शब्दांत लिहून काढावेत. कोणती गोळी अर्धवट सोडली आणि का, काय विचारावयाचे राहून गेले, कोण काय बोलले, एवढे पुरे. असे प्रसंग जवळच्या औषधनिर्माण महाविद्यालयात घेऊन जावे, तेथील विद्यार्थ्यांसमोर ते आपल्याच बायाबापड्यांनी करून दाखवावेत, आणि ‘आता तुम्ही काय कराल?’ असे विचारावे. रुग्णाची भूमिका करावयास नट शोधण्याची गरज नाही. ती भूमिका ज्यांना पाठ आहे ती माणसे आपल्या सभांना येतात. त्यांना त्या वर्गापर्यंत नेण्याचे काम या वर्षी प्रत्येक तालुका शाखेने एकदा तरी करावे.